खालच्या ओळी

“ते दोन मुलांचं लाव ना,” आई म्हणाली, आणि माझ्या हातातला कप बशीत वाजला. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. डावा डोळा कित्येक वर्षं नावापुरताच. म्हणजे माझा चेहरा तिला दिसत नव्हता, हे एक बरं होतं. पण कान तिखट आहेत. “काय रे, भाजलं का?” असं तिने विचारलंच. मी म्हटलं, “नाही. कोणती दोन मुलं?” तर म्हणाली, तू कामावर गेलास की मला करमत नाही, म्हणून रिमोट चाचपडून मोठं बटण दाबलं, आणि ते आपोआप लागलं. भाषा कुठली कोण जाणे. एक मुलगा खर्जात बोलतो, एक जरा हळवा आहे. दोघं इतकं हळू बोलतात, की पुरुषमाणसं एवढ्या हळू बोलू शकतात हे तिला या वयात पहिल्यांदा कळलं. “खाली काहीतरी लिहून येतं म्हणे आपल्या भाषेत. मला नुसत्या पांढऱ्या मुंग्या दिसतात. तू वाचून दाखव.”

मी लिफ्ट तपासतो. सरकारी माणूस आहे, हातात विजेरी आणि हातोडी घेऊन लोकांच्या इमारतींत फिरतो, दोर बघतो, ब्रेक बघतो, दार बंद होताना मध्ये हात घालून ते मागे सरकतं का ते बघतो. निसटलेली गोष्ट शोधणं हाच माझा धंदा. आई येणार म्हटल्यावर मी घरही तसंच तपासलं होतं. दुसरा टूथब्रश, दाराजवळच्या माझ्यापेक्षा मोठ्या मापाच्या चपला, उशाशी पडलेला वाचायचा चष्मा, फ्रिजवर चिकटवलेला समुद्रावरचा फोटो, आंघोळीच्या खोलीतला तो उग्र वासाचा साबण, जो मी मेलो तरी वापरणार नाही. सगळं उचललं. पलंगावरची दुसरी उशी दिवाणखान्यात सोफ्यावर नेऊन टाकली, म्हणजे मुलगा बाहेर झोपतो आणि आईला आतली खोली देतो असं दिसावं. ते खरंही होतं. फक्त टीव्ही राहिला. टीव्हीला कुठे चेहरा असतो? पण मास्तरने त्यात वर्षानुवर्षं जे बघितलं होतं ते टीव्हीने इमानदारीने लक्षात ठेवलं होतं, आणि घरात नवीन माणूस आलेलं पाहून पाहुणचार म्हणून पुढे केलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवणारा, माझ्याबरोबर या घरात राहणारा, आईच्या हिशेबी ‘तुझा तो भाडेकरू सोबती’. एवढी वर्षं झाली आणि त्या चार शब्दांत मी त्याला कोंबून ठेवलाय. आई याआधी एकदा आली तेव्हा तो हसत हसत बहिणीकडे गेला होता. या वेळी हसला नाही. बॅग भरताना पाठमोराच म्हणाला, “जातो. पण या वेळी तिला सांगितलंस तर बोलाव, मी पळत येईन. नाही सांगितलंस तर रविवारी थंडीचे कपडे न्यायला येतो. मग उरलेलं हळूहळू नेईन.” मी म्हटलं, “तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे रे, हे असलं आत्ता...” तो म्हणाला, “मागच्या वेळी गुडघा होता.” त्याच्या या सवयीचा मला राग येतो. गणिताची माणसं भांडताना आवाज चढवत नाहीत, नुसती बेरीज करून दाखवतात.

तर ती मालिका. दोन मुलं, एक कंपनी, चकचकीत काचेच्या इमारती, आणि घडायचं तेच सगळं. अशा किती मालिका मास्तरने मला जबरदस्तीने दाखवल्या असतील देव जाणे. मी शेजारी बसून फक्त चुका काढायचो. पहिल्या भागात दोघं लिफ्टमध्ये अडकतात. दिवे जातात, लिफ्ट धडधडत खाली घसरते, हळवा खर्जातल्याच्या छातीवर जाऊन आदळतो. मी म्हणायचो, साफ खोटं. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो, गाडी जागच्या जागी उभी राहते, छोटा दिवा बॅटरीवर चालू राहतो. आणि अडकलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत, बिल्डिंगच्या सेक्रेटरीला शिव्या देतात. मास्तर म्हणायचा, “साहेब, लिफ्ट सोडा, माणसं बघा.” पण माणसंही मला पटायची नाहीत. एक पाय घसरून पडतो आणि दुसरा त्याची कंबर बरोबर अधांतरी झेलतो. एकाला ताप येतो आणि दुसऱ्याला ओला कपडा पिळून कपाळावर ठेवण्यापलीकडे जगात काही काम उरत नाही. मुक्कामाला गेले की हॉटेलात नेमका एकच पलंग. आणि ते वाक्य, ‘मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस.’ त्यावर तर मास्तरचंही डोकं फिरायचं. खाली जगभरातल्या प्रेक्षकांनी लिहिलेली मतं तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. कुणी एक बाई लिहायच्या, मी नवऱ्याला तसं झेलायला सांगितलं, त्याची पाठ धरली, आता दोघं घरी बसून हेच बघतोय. कुणी लिहायचा, यांच्या ऑफिसात एकालाही काही वावगं वाटत नाही, अशी कंपनी कुठे आहे ते सांगा, मी उद्याच अर्ज करतो. त्यावर दुसरा चिडून, की ज्याला खरं बघायचंय त्याने खिडकी उघडावी, आम्ही खिडकी बंद करून बसलोय ते उगीच नाही. मास्तर या चिडलेल्याच्या बाजूचा. एकदा मी फारच टोचून बोललो तेव्हा म्हणाला, “मला खरं बघायचं असेल तर तू आहेस की समोर.” आणि उठून भांडी घासायला गेला. मालिकेत भांडी कुणी घासत नाही, हेही मी त्याला स्वयंपाकघरात जाऊन ऐकवलं होतं. किती बोलतो मी.

आणि आता त्याच सोफ्यावर, त्याच्याच उशीला टेकून, मी आईला ते वाचून दाखवणार होतो. पडद्यावर पहिली ओळ आली. हळवा म्हणत होता, ‘तू जवळ आलास की मला श्वास घेता येत नाही.’  आई तोंड वर करून, मान किंचित कलती करून वाट बघत होती, आंधळी माणसं बघतात तशी. मी वाचलं, “तू एवढं काम दिलंस की मला श्वास घ्यायला फुरसत नाही.” आई हसली. “बघ, सगळीकडे तेच.” झालं. एकदा ब्रेक सुटला की गाडी कुठे थांबते? त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्या दोघांचं प्रेम उचलून तिथे एक कंत्राट ठेवत गेलो. कंपनीला एक मोठं कंत्राट मिळायचंय, खर्जातला ते मिळवतोय, हळवा त्याचा हाताखालचा, दोघांत कामावरून रुसवेफुगवे. आई मन लावून ऐकायची आणि पटेनासं झालं की मला धारेवर धरायची. “कंत्राटासाठी एवढं रडतात?” “फार मोठं आहे ग.” “असेल मोठं, पण पुरुषमाणूस कंत्राटासाठी भर पावसात छत्री टाकून पळत जाईल?” मी म्हणायचो, तिकडे पळतात. एकदा पडद्यावर दोघं बोलायचे थांबले आणि नुसतंच संगीत. माझे कान तापले. “आता का गप्प?” “सही करतायत करारावर.” “एवढा वेळ?” “पानं पुष्कळ आहेत, प्रत्येक पानावर करावी लागते.” आई जरा वेळ संगीत ऐकत राहिली. मग म्हणाली, “काही म्हण, मला हे खरं वाटत नाही. माणसं चांगली आहेत, आवाज तर किती गोड, पण एवढ्याशा कारणासाठी कुणी असं वागत नाही. लिहिणाऱ्याला काही कळत नाही.” लिहिणारा तिच्या शेजारी बसला होता, घामाने ओला.

मजा वाटायला हवी होती, पण वाटली नाही. दिवसभर कामावर लक्ष लागेना. एका दवाखान्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो असताना दोर बघायचे सोडून विचार करत होतो, की आज दहाव्या भागात खर्जातला त्याला ‘माझ्याशी लग्न करशील?’ विचारणार, त्याचं काय करायचं? बढती? भागीदारी? वरून मदतनीस हाका मारत होता, “साहेब, वर या, बटण दाबू का?” आणि मला वाटत होतं, दाबावं त्याने, येऊ दे लिफ्ट खाली. मग लगेच अंगावर काटा आला. असं वाटण्याइतकं काय झालं होतं? आईला सांगायचं, बस. एक वाक्य. लोक सांगतात. पण मी तोंड उघडलं की तिच्या पट्टीकडे लक्ष जायचं, आणि डॉक्टरीणबाईंचं ते बजावणं आठवायचं: वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही. हे बजावणं मला किती सोयीचं झालं होतं. मी ते सारखं मनात घोळवायचो, लहानपणी आजारी पडलो की शाळा बुडाल्याचा आनंद व्हायचा तसा. लहानपणी गोवर आला होता तेव्हा खिडक्यांना जाड पडदे लावून आई माझ्याजवळ गोष्टींचं पुस्तक वाचत बसायची. त्यातला ससा शेवटी घरी पोचायचा. पुढे मला वाचता यायला लागल्यावर ते पुस्तक काढलं, तर ससा मरतो. मी रडत तिच्याकडे गेलो आणि तिने जराही न ओशाळता सांगितलं, “तुला ताप होता. ताप उतरल्यावर मेलेला चालतो.” म्हणजे ही खोड रक्तातलीच म्हणायची. पण तिने सशाला वाचवलं होतं. मी त्या दोघांना मारून टाकत होतो, रोज थोडं थोडं, आणि वर तिच्याकडून ऐकून घेत होतो की हे खरं वाटत नाही.

मास्तरला यातलं काही माहीत नव्हतं. आमची फोनवर बोलणी व्हायची ती अशी: जेवलास? हो. तू? हो. आईचा डोळा? बरा. सांगितलंस? यावर मी गप्प. मग फक्त त्याच्या मागे त्याच्या बहिणीच्या घरातला आवाज, कुणी टेबलं सरकवतंय, कुणी मोठ्याने हसतंय. त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी जातो तेव्हा बहीण मला सरळ म्हणते, आमच्या मास्तरला जरा वजन कमी करायला सांगा, तुमचंच ऐकतो. असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायला हवं, पण मला उठून निघून जावंसं वाटतं, कारण माझ्याकडे परत द्यायला तसं घर नाही. शनिवारी तो एवढंच म्हणाला, “उद्या दुपारी येतो मग. कपडे काढून ठेव, म्हणजे मला आतल्या खोलीत जायला नको.” मी ते काढून ठेवले नाहीत. काढून ठेवले असते तर ती माझी सही झाली असती.

रविवारी दुपारी बेल वाजली. आई सोफ्यावर, मालिका चालू, मी शेजारी कंत्राट रेटतोय. दार उघडलं तर मास्तर, हातात रिकामी मोठी पिशवी. दाढी वाढलेली. मला त्याला बघून इतकं बरं वाटलं की मी दारातच अडवून उभा राहिलो. “कोण आहे?” आईने विचारलं. “माझा... मास्तर. कपडे न्यायला आलाय.” “नमस्कार काकू,” तो म्हणाला. “या, या. भाड्याचं घर सोडलंत का?” त्याने माझ्याकडे बघितलं. “अजून ठरायचंय.” आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. एका वृद्धाश्रमातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक आजीबाई चाकांच्या खुर्चीत होत्या आणि घाबरून रडत होत्या. मी बाल्कनीत गेलो, दार लोटून घेतलं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतलं चाक हाताने कसं फिरवायचं, आधी मेन स्विच बंद करायचा, बाईंशी सारखं बोलत राहायचं, त्यांना एकटं वाटू द्यायचं नाही, असं सगळं पायरीपायरीने समजावत होतो. दुसऱ्याच्या लिफ्टमधल्या बाईंना धीर देणं मला उत्तम जमतं. त्या सुखरूप बाहेर आल्या, तिकडून टाळ्यांचा आवाज आला, मी फोन ठेवला आणि दार ढकललं. आणि तिथेच थिजलो.

मास्तर वाचत होता. आईने त्याला बसवून घेतलं असणार, की हा गेलाय तोवर तुम्ही वाचा. तो सोफ्याच्या कडेला, पिशवी मांडीवर धरून, वर्गात वाचतो तसं स्वच्छ, सावकाश, एकही अक्षर न गाळता वाचत होता. “‘तू माझ्या घरी का येत नाहीस? तुझ्यावर माझं प्रेम आहे हे मी किती दिवस लपवू?’” मग हळव्याचं: “‘तुझ्या घरच्यांना मी कोण आहे हे माहीत नाही. मी तुझ्या घरी पाहुण्यासारखा येणार नाही.’” मास्तरचा आवाज क्षणभर अडखळला, पण त्याने वाचलं. वाचणाऱ्याने लिहिलंय ते वाचायचं, एवढंच त्याला माहीत.  आई सावरून बसली. “थांबा. कोणाचं कोणावर प्रेम?” “या दोघांचं. एकमेकांवर.” “पहिल्यापासून?” “पहिल्यापासूनच, काकू. लिफ्टमध्ये अडकतात तेव्हापासून.” आईने हात मांडीवर ठेवले.  आता रडणार, आता टीव्ही बंद कर म्हणणार, असं म्हणत मी दाराची कडी धरून उभा. आणि ती म्हणाली, “अस्सं होय! म्हणून तो पावसात पळाला.” मग स्वतःशीच मान हलवत, “आता पटलं. मला वाटतच होतं, कंत्राटासाठी कुणी एवढं रडत नाही.”

“कुठलं कंत्राट?” मास्तरने विचारलं.  आईने मान माझ्या दिशेने वळवली; मी आत आल्याचं तिला कधीच कळलं होतं. “इकडे ये,” ती म्हणाली. हा आवाज मी शाळेत असल्यापासून ओळखतो. “मला दिसत नाही म्हणून काहीही वाचतोस? मी वेड्यासारखी मतं देतेय, लिहिणाऱ्याला अक्कल नाही म्हणतेय, आणि तू ऐकून घेतोस?” मी म्हटलं, “आई, तुला त्रास...” “मला त्रास झाला तर माझा मला होईल. बस इथे. आता तू वाच. आहे तसं.” मास्तर उठायला लागला, तर त्यालाही, “तुम्ही बसा हो. चुकला तर सांगा मला.” मी दोघांच्या मध्ये बसलो. वाचलं. ‘प्रेम’ हा शब्द आईसमोर उच्चारायचा म्हणजे जिभेला अक्षरशः ढकलावं लागलं, आणि ढकलल्यावर तो गेला, बाकीच्या शब्दांसारखाच. खर्जातला म्हणाला, ‘मी भित्रा आहे.’ मी म्हणालो, “मी भित्रा आहे.” हळवा म्हणाला, ‘मला माहीत आहे.’ मी तेही वाचलं. मग दोघं एका पुलावरून चालायला लागले, संगीत सुरू झालं आणि ओळी यायच्या थांबल्या. मला मात्र थांबता येईना. “मला ही पिशवी बघवत नाही,” मी म्हणालो. “थंडीचे कपडे मी काढून ठेवलेले नाहीत आणि काढणारही नाही. तू गेल्यापासून मी सोफ्यावर झोपतोय, तुझ्या उशीवर. पलंग आपला आहे हे मी आईला सांगितलं नाही, तू माझा कोण आहेस ते सांगितलं नाही, आणि रोज संध्याकाळी मी मरायला टेकतोय.”

संगीत चालूच होतं. आईने विचारलं, “हे तिथे लिहिलंय?” मास्तरने पडद्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, तरी तो नीट बघून मग बोलला. “नाही काकू. तिथे आत्ता काहीच लिहिलेलं नाही.”

आईचा हात सोफ्यावर काहीतरी शोधत होता. मला वाटलं माझा हात शोधतेय, म्हणून मी पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. तिला रिमोट हवा होता. तिने अंदाजाने बटण दाबलं आणि पुलावरची दोघं जागच्या जागी थांबली. तिचा श्वास मोठा मोठा येत होता. पट्टीच्या कडेला बोट लावून तिने ती ओली नाही ना ते बघितलं. “डॉक्टरणीने काय सांगितलंय, आहे ना लक्षात?” ती म्हणाली. “रडायचं नाही,” मी म्हणालो. “मग आज मला यातलं काही विचारू नकोस. मला पटलंय का, मला राग आलाय का, काही नाही. मला आलाय राग, पण कशाकशाचा आलाय ते अजून मलाच कळलेलं नाही.” मी मान हलवली, तिला ती दिसणार नव्हती. मास्तर पिशवीचे बंद घट्ट धरून उभा राहिला. “मी निघतो, काकू.”

“कुठे?” आई एकदम त्याच्यावर खेकसली. “शुक्रवारी माझी पट्टी निघणार आहे. दोघांची तोंडं बघितल्याशिवाय मला नीट रागावता येत नाही. तोवर कुणी कुठे जायचं नाही.”